पुणे जिल्ह्यात गटनिहाय जननदराचा अंदाज कसा बांधावा

हिंजवडीच्या नव्या वसाहतींत अंगणवाड्या किती लागतील, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रसूतीची सोय किती ठेवावी, दौंड-इंदापूरकडच्या जिल्हा परिषद शाळांत पहिलीचा पट किती राहील, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुठे, कोणत्या घरांत, किती बाळे जन्माला येतील? जिल्ह्याच्या एका सरासरीवर त्याचे उत्तर मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती आणि त्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक शहरी भागात राहत होते. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी ही प्रामुख्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवडची सरासरी असते. वेल्हे, भोर किंवा आंबेगावच्या डोंगरी गावांचे चित्र तिच्यात बुडून जाते.

गटनिहाय अंदाज बांधायला घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जननदर हा धर्माच्या किंवा जातीच्या नावाला चिकटलेला गुण नाही. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय, बालमृत्यूचे प्रमाण, राहण्याचे ठिकाण आणि कुटुंबनियोजनाच्या साधनांची उपलब्धता यांतून तो घडतो आणि या गोष्टी बदलल्या की तोही बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत देशातील हिंदू स्त्रियांचा एकूण जननदर (म्हणजे एका स्त्रीमागे आयुष्यभरात सरासरी होणारी मुले) ३.३ आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तेच आकडे १.९४ आणि २.३६ झाले. दोन्ही दर उतरले आणि त्यांच्यातील अंतर १.१ वरून ०.४२ वर आले. त्याच पाचव्या फेरीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांचा १.८ होता. जो अंदाज गटाच्या नावापुढे एक आकडा लिहून तो पुढच्या वीस वर्षांसाठी कायम धरतो, तो गणिताच्या दृष्टीने चुकीचा असतोच, शिवाय शेजाऱ्याविषयी भीती पसरवण्यासाठी वापरला जातो. म्हणून गट जरूर करावेत, पण त्यांच्या आत काय बदलते आहे हे मोजण्यासाठी करावेत.

कोणता दर मोजावा

दर हजार लोकसंख्येमागे जन्म सांगणारा ढोबळ जन्मदर या कामासाठी निरुपयोगी आहे. चाकण, रांजणगाव किंवा हिंजवडीच्या परिसरात तरुण जोडपी मोठ्या संख्येने राहायला आली की तो फुगतो. गावातील तरुण बाहेर पडले की तो घसरतो. प्रत्यक्षात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांत काहीही फरक पडलेला नसतो. आपल्याला हवे असतात वयोगटनिहाय जननदर, म्हणजे १५ ते ४९ या वयातील स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट पाडून प्रत्येक गटातील हजार स्त्रियांमागे वर्षभरात झालेले जिवंत जन्म. समजा, एका काल्पनिक तालुक्यात हे दर अनुक्रमे ३०, १४५, १२०, ४५, १२, ३ आणि १ असे आले. त्यांची बेरीज ३५६. प्रत्येक गट पाच वर्षांचा असल्याने तिला ५ ने गुणून १,००० ने भागले की १.७८ हा एकूण जननदर मिळतो. या एका आकड्यापेक्षा सात दरांची उतरंड अधिक बोलकी असते. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदीचे प्रमाण मोठे आहे आणि ती बहुधा दुसऱ्या मुलानंतर, पंचविशीच्या आसपास होते; त्यामुळे ग्रामीण भागात जन्म विशीतच एकवटतात आणि तिशीनंतर दर झपाट्याने खाली येतो. कोथरूड किंवा औंधसारख्या भागात लग्न आणि पहिले मूल दोन्ही उशिरा होत असल्याने या सात दरांच्या वक्राचा माथा उजवीकडे, म्हणजे जास्त वयाकडे सरकतो. दोन्हीकडचा एकूण दर सारखा आला, तरी पुढच्या दहा वर्षांतील जन्मसंख्या सारखी येईलच असे नाही.

अंश: जन्माच्या नोंदी आणि माहेरचे बाळंतपण

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि ती बाळ जिथे जन्मले त्या ठिकाणी होते. आई कुठे राहते यावर ती अवलंबून नसते. पुण्यात ससून किंवा महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीत यशवंतराव चव्हाण रुग्णालय, तसेच शहरातील असंख्य खाजगी प्रसूतिगृहे इथे आसपासच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही स्त्रिया बाळंतपणाला येतात. नोंदणीतील जन्मसंख्येला सरळ स्थानिक स्त्रियांच्या संख्येने भागले, तर शहराचा दर खोटा वाढतो आणि वेल्हे किंवा मुळशीचा खोटा कमी होतो. जन्म-अहवालाच्या सांख्यिकी भागात आईचे राहण्याचे गाव किंवा शहर, तिचे वय, लग्नाच्या वेळचे वय, शिक्षण, व्यवसाय, धर्म आणि हे कितवे जिवंत अपत्य, ही माहिती भरली जाते. पहिले काम म्हणजे प्रत्येक जन्म आईच्या राहत्या ठिकाणी परत नेऊन ठेवणे.

पण आपल्याकडे इथेच एक गुंता होतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही रुजलेली आहे. वाघोलीत संसार करणारी मुलगी सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून बारामतीला किंवा थेट साताऱ्याला जाते, तिथेच बाळंत होते आणि फॉर्मवर अनेकदा माहेरचाच पत्ता लिहिला जातो. त्यामुळे पहिली अपत्ये माहेरच्या गावात आणि दुसरी अपत्ये सासरच्या वस्तीत अधिक नोंदली गेल्याचे दिसू शकते. हे तपासण्याचा सोपा मार्ग असा, की प्रत्येक तालुक्यासाठी अपत्यक्रमानुसार जन्म मांडावेत. एखाद्या ठिकाणी दुसऱ्या अपत्यांच्या तुलनेत पहिली अपत्ये विलक्षण कमी दिसली, तर तिथले पहिले जन्म इतरत्र नोंदले गेले असण्याची शक्यता प्रथम तपासावी. आशा कार्यकर्तीकडे गरोदर मातांची यादी असते. तिच्यात माहेरी गेलेल्या आणि माहेरपणाला आलेल्या दोन्ही बाजू सापडतात. दोन-चार गावांत ही यादी नोंदणीशी नावनिशी ताडून पाहिली, की दुरुस्तीचे प्रमाण किती धरावे याचा विश्वासार्ह अंदाज येतो.

गट कोणते करता येतील हे बहुतेक वेळा माहितीच ठरवते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये धर्म आणि शिक्षण आहे, जात नाही. जनगणनेत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती वेगळ्या मिळतात, आणि तिच्या एफ मालिकेतील तक्त्यांत स्त्रीला एकूण किती मुले झाली व गेल्या वर्षभरात मूल झाले का, ही माहिती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जात, धर्म, शिक्षण आणि आर्थिक स्तर सगळे आहे, पण जिल्ह्यात त्याचा नमुना लहान असल्यामुळे जिल्ह्याच्या माहितीपत्रकात एकूण जननदर दिलेलाच नसतो. तिथे तिसऱ्या किंवा त्यापुढील अपत्यांचे प्रमाण, १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण आणि १५ ते १९ वयातील मातृत्व हे निर्देशक मिळतात. त्यांचा उपयोग दराची दिशा तपासण्यासाठी करावा. नमुना नोंदणी पद्धतीचे (निवडक ठिकाणी जन्म-मृत्यूंची सतत नोंद ठेवणाऱ्या सरकारी पाहणीचे) आकडे राज्याची पातळी ठरवायला उत्तम आहेत. तिच्यानुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा एकूण जननदर १.५ होता. जिल्ह्याच्या आत मात्र ते उतरत नाहीत.

जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिमेकडील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांसाठी यांतला कोणताच स्रोत एकट्याने पुरत नाही. तिथे घरोघरची यादी करून प्रत्येक पंधरा वर्षांखालील मूल त्याच्या आईशी जोडावे आणि मुलांच्या वयावरून मागे जात वर्षवार जन्म काढावेत, ही पद्धत सर्वांत उपयोगी ठरते. त्या वर्षांत दगावलेल्या मुलांसाठी बालमृत्यूदराने वाढ करावी लागते. वय विचारताना "पाच", "दहा" अशी गोळाबेरीज उत्तरे येतात, म्हणून जन्मदाखला किंवा लसीकरणाचे कार्ड पाहूनच वय लिहावे. हीच पद्धत दौंड-इंदापूरच्या साखरपट्ट्यात वापरायची असेल, तर हंगामाचे भान ठेवावे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. काही मुले टोळीबरोबर फडात असतात, काही गावी आजीकडे राहिलेली असतात. गळीत हंगामात केलेल्या यादीत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहणारी आई सापडते, पण तिची मोठी मुले सापडत नाहीत, आणि तिचा जननदर आहे त्याहून कमी येतो. अशा आईला "तुमची किती मुले इथे नाहीत?" हा प्रश्न स्वतंत्र विचारलाच पाहिजे.

छेद: स्त्रियांची संख्या आणि बदललेल्या हद्दी

जन्माची नोंद दरवर्षी होते, पण वयानुसार स्त्रियांची नेमकी संख्या जनगणनेतूनच मिळते आणि शेवटची जनगणना २०११ ची आहे. म्हणून तिथून प्रत्येक वयोगट पुढे सरकवत न्यावा: मृत्यू वजा करावेत, आलेल्या स्त्रिया मिळवाव्यात, गेलेल्या वजा कराव्यात. २०११ मध्ये ० ते ४ वर्षांच्या असलेल्या मुली २०३१ मध्ये २० ते २४ वर्षांच्या, म्हणजे मातृत्वाच्या ऐन वयात असतील. त्या किती आहेत हे आपल्याला आजच माहीत आहे, आणि त्या किती कमी आहेत हेही. त्या जनगणनेत जिल्ह्याचे बाल लिंग गुणोत्तर हजार मुलग्यांमागे ८८३ मुली इतके खाली होते. उद्याच्या मातांच्या संख्येतील ही तूट कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही, आणि लोकसंख्या स्थिर ठेवण्यासाठी लागणारा दरही अशा ठिकाणी नेहमीच्या २.१ पेक्षा थोडा वर जातो.

हद्दींकडे दुर्लक्ष झाले तर सगळी मेहनत वाया जाते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे सामील झाली. त्यामुळे २०११ च्या हवेली तालुक्याच्या छेदावर २०२३ च्या हवेलीचा अंश ठेवता येत नाही. गावांच्या संकेतांकांची एक यादी करून सर्व वर्षांची माहिती एकाच, आजच्या हद्दीत बसवून घ्यावी.

स्थलांतर हा छेदातील सर्वांत नाजूक भाग आहे. हिंजवडी, वाकड, खराडीच्या वयरचनेत बाहेरून आलेल्या विवाहित तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, पण त्यांतील अनेकींचे बाळंतपण पुन्हा माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात होते. मतदारयादी इथे अपुरी ठरते, कारण नाव गावाकडेच ठेवणारे पुष्कळ असतात. शाळाप्रवेश, अंगणवाडीतील नोंद आणि लसीकरणाच्या मात्रा यांवरून मागे येणे अधिक सुरक्षित असते; बीसीजी लस जन्माच्या ठिकाणी टोचली जाते, पण गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, म्हणजे आई सासरी परतल्यावर दिली जाते. या दोन संख्यांमधील फरक पाहिला, की कोणता भाग बाळंतपणासाठी स्त्रिया बाहेर पाठवतो आणि कोणता त्यांना जवळ करतो, हे स्पष्ट दिसते.

लहान गटांचे आकडे थोपवून धरणे

एका गटात १५ ते ४९ वयाच्या १,००० स्त्रिया आहेत आणि वर्षात ६० जन्म झाले असे समजू. निव्वळ योगायोगाने ही संख्या पुढच्या वर्षी ४५ किंवा ७५ होऊ शकते, कारण अशा मोजणीतील स्वाभाविक चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ८ असतो आणि त्याच्या दुप्पट अंतर अगदी सामान्य आहे. म्हणजेच १.८ असा निघालेला दर प्रत्यक्षात १.३५ ते २.२५ यांमध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या गटाचा एका वर्षाचा दर "वाढला" किंवा "घसरला" असे म्हणणे हा गटावर अन्याय आहे.

यावरचा उपाय म्हणजे गटाचा स्वतःचा अनुभव आणि जिल्ह्याचा अनुभव यांची भारित सांगड घालणे. आधी जिल्ह्याचे वयोगटनिहाय दर त्या गटातील स्त्रियांना लावून अपेक्षित जन्म काढावेत. समजा, ते २४ आले आणि प्रत्यक्षात ३० झाले. सरळ गुणोत्तर १.२५ होते. आता जिल्ह्याच्या अनुभवाला ४० जन्मांइतके वजन दिले, तर (३० + ४०) भागिले (२४ + ४०), म्हणजे १.०९ मिळते, जिल्ह्याचा दर १.७८ असेल तर गटाचा दर १.९५ येतो, सरळ गुणाकाराने येणारा २.२३ नव्हे. तीन वर्षे एकत्र केली आणि ७२ च्या जागी ९० जन्म आढळले, तर तेच गणित १.१६ आणि सुमारे २.०७ वर जाते. पुरावा वाढला तसा गटाचा स्वतःचा आवाज वाढला, हे या पद्धतीचे खरे बळ आहे. ४० हे वजन मनाने ठरवू नये; तालुक्या-तालुक्यांतील गुणोत्तरे योगायोगापलीकडे किती पसरलेली आहेत, यावरून ते काढावे.

पुढे कसे न्यावे

सरळ रेषेचा मोह इथे महागात पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ आणि २००५-०६ मध्ये २.१ होता. तेरा वर्षांत ०.८ ची घट, याच वेगाने चौदा वर्षे पुढे गेलो तर १.२ येतो. पाचव्या फेरीत प्रत्यक्षात आला १.७; शहरी भागात १.५ आणि ग्रामीण भागात १.९. दर जितका खाली येतो तितकी त्याची घसरण मंदावते. म्हणून एक तळ गृहीत धरून, त्या तळापासूनचे अंतर ठराविक पटीने कमी होत जाते असे मांडावे. तळ १.३ धरला तर १९९२-९३ चे अंतर १.६ आणि २००५-०६ चे ०.८, ते तेरा वर्षांत निम्मे झाले, आणि त्याच गतीने पाचव्या फेरीसाठी १.६८ येतो. तळ १.० धरला तर १.६१ आणि १.५ धरला तर १.७४ येतो. तिन्ही उत्तरे वास्तवाच्या जवळ आहेत, आणि त्यांच्यातील फरक हाच अनिश्चिततेचा पहिला, प्रामाणिक अंदाज आहे. अशी मागे जाऊन केलेली परीक्षा प्रत्येक गटासाठी करावी. जी रीत जुन्या माहितीवरून नंतरचा ज्ञात आकडा सांगू शकत नाही, तिच्यावर २०३६ चा आकडा सोपवू नये.

या घसरणीत दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली गटाच्या आतील रचनेची. समजा, कमी शिकलेल्या स्त्रियांचा दर २.६ व त्यांचा वाटा ३० टक्के आहे, आणि अधिक शिकलेल्यांचा दर १.७ व वाटा ७० टक्के. एकत्रित दर १.९७. दहा वर्षांनी कमी शिकलेल्यांचा वाटा १० टक्क्यांवर आला, तर एकाही गटाचा दर न बदलता एकत्रित दर १.७९ होतो. ज्या समाजात मुली आज दहावी-बारावीपर्यंत पोचत आहेत, त्याचा उद्याचा दर आजच्या आयांवरून नव्हे, तर आजच्या विद्यार्थिनींवरून ठरवावा. शाळांच्या पटावरची मुलींची संख्या ही या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची माहिती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट मूल लांबवण्याची. प्रत्येक अपत्याच्या वेळचे आईचे सरासरी वय दरवर्षी ०.१ वर्षाने वाढत असेल, तर त्या वर्षांत दिसणारा दर सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसतो, १.५ दिसणारा दर प्रत्यक्षात १.५ भागिले ०.९, म्हणजे १.६७ च्या आसपास असू शकतो. ही दुरुस्ती अपत्यक्रमानुसार स्वतंत्र करावी, कारण पाळणा लांबणे आणि पाळणा थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुणे शहराच्या शिक्षित वर्गासाठी ती अत्यावश्यक आहे. जिथे लग्न अजून विशीच्या आत होते तिथे आज तिचा परिणाम नगण्य असेल, पण लग्नाचे वय वाढू लागले की पुढच्या दशकात तिथलाही दर काही वर्षे अचानक खोल गेल्यासारखा दिसेल.

सर्व गटांचे जन्म मिळवून आलेली बेरीज जिल्ह्याच्या स्वतंत्र अंदाजाशी जुळवावी, आणि जिल्ह्याची दिशा राज्याशी व देशाशी ताडावी. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या २०३६ पर्यंतच्या प्रक्षेपणात, म्हणजे लोकसंख्येच्या पुढील अंदाजात, देशाचा एकूण जननदर २०३१-३५ मध्ये १.७३ धरला आहे. आपला आकडा त्याहून फार वेगळा असेल तर त्याचे कारण देता आले पाहिजे.

आकडे प्रसिद्ध करताना मधला, वरचा आणि खालचा असे तीन आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत द्यावेत आणि प्रत्येकाशेजारी तो किती जन्मांवर आधारलेला आहे हे लिहावे. तीन वर्षांत मिळून पन्नासपेक्षा कमी जन्म असलेला गट स्वतंत्र दाखवू नये. त्याला शेजारच्या गावांच्या तशाच गटाशी जोडावे, कारण लहान वाडीत आकड्यावरून माणूस ओळखता येतो. धर्म किंवा जातीनिहाय तक्ता शिक्षण आणि निवासानुसार विभागल्याशिवाय बाहेर देऊ नये. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातनिहाय गणनाही होणार आहे. तिचे वयनिहाय तक्ते हाती आले की आधी छेद नवा करावा, मग दर, आणि त्यानंतरच घसरणीच्या वक्राचा तळ पुन्हा तपासावा.